आडनावाच्या आड

पुण्याहून सोलापूरकडे आगगाडीने निघाले म्हणजे दौंड, भिगवण, जेऊर मागे पडते आणि कुर्डुवाडी येण्यापूर्वी केम नावाचे स्थानक लागते. करमाळा तालुक्यातील हे गाव कुंकवाच्या धंद्यासाठी प्रसिद्ध आहे. हळदीचे कुंकू येथे होते आणि गावोगावच्या बाजारपेठांत जाते. या मार्गाने आमचे अनेकदा जाणे झाले आहे. फलकावरील ती दोन अक्षरे दिसली, की आम्हांला 'केमकर' हे आडनाव आठवते, आणि दर वेळी एकच विचार मनात येतो. केममध्ये राहून कोणी केमकर होत नाही. गावात सगळेच केमचे. तेथे कोणाला त्या नावाने वेगळे ओळखण्याचे कारणच नाही. जो गाव सोडून कुर्डुवाडीला, बार्शीला, पुण्याला गेला, त्याला तेथल्या लोकांनी विचारले, "कुठले तुम्ही?" आणि त्याच्या उत्तराला 'कर' जोडून त्याचे आडनाव केले. मंगळवेढेकर, करमाळकर, वैरागकर, पंढरपूरकर या साऱ्यांची मूळ कथा बहुधा अशीच असणार.

निंबाळकरांसारख्या घराण्यांनी वतनाच्या गावाचे नाव आपल्याकडे घेतले आणि मूळचे पवार हे कुळनाव मागे पडले, हे खरे. पण वतनदार थोडे, आणि दुष्काळात, पोटासाठी, कर्जापायी, कधी भाऊबंदकीत गाव सोडणारे फार. 'कर' हा प्रत्यय ऐकताना आपल्याला घराण्याचा मान ऐकू येतो. वस्तुतः त्यात बहुतेक वेळा कोणाचे तरी निघून जाणे साठवलेले असते.

हे प्रास्ताविक अशासाठी, की आडनावांचे मूळ व अर्थ सांगणारे लेखन मराठीत आजवर पुष्कळ झाले आहे. दिवाळी अंकांत, ज्ञातिसंस्थांच्या स्मरणिकांत, आणि आता आपल्या समाजाच्या पत्रिकांतही ते आवडीने छापले जाते व वाचले जाते. वाचक प्रथम आपले आडनाव शोधतो, मग सासरचे, मग शेजाऱ्याचे. या कुतूहलात काही गैर नाही. परंतु अशा लेखनाचा एक प्रकार म्हणून विचार केला, तर त्यात काही दोष वारंवार आढळतात, आणि ते केवळ भाषाशास्त्राचे दोष नाहीत, असे आमचे मत झाले आहे.

पहिला दोष राजवंशाच्या शोधाचा. मोरे म्हणजे मौर्य, साळुंखे म्हणजे चालुक्य, शेलार म्हणजे शिलाहार, कदम म्हणजे कदंब, जाधव म्हणजे यादव, ही समीकरणे सर्वांना पाठ आहेत. ध्वनिपरिवर्तनाच्या दृष्टीने यांतील काही सहज पटण्यासारखी आहेत. पण शब्दाची वंशावळ ही रक्ताची वंशावळ नव्हे. राजाचे नाव राजाच्या मुलांबरोबर त्याच्या सैनिकांकडे, चाकरांकडे, त्याच्या आश्रयाला आलेल्या खेड्यांकडेही जाते. म्हणून तर एकच आडनाव महाराष्ट्रात मराठ्यांत, माळ्यांत, धनगरांत, पूर्वाश्रमीच्या महारांत व मातंगांत, आणि आपल्या ख्रिस्ती घरांतही आढळते. जाधव आडनावाच्या दहा माणसांना एका ओळीत उभे करून सर्वांना देवगिरीच्या सिंहासनाकडे नेणारा लेखक दहा कुटुंबांचा खरा इतिहास पुसून टाकीत असतो.

या प्रवृत्तीचे खापर इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्यावर फोडणे अन्यायाचे होईल. त्यांच्या निधनानंतर, १९४२ साली, प्रसिद्ध झालेला 'नामादिशब्दव्युत्पत्तिकोश' आणि १९२४ साली त्यांनी संपादित केलेली 'महिकावतीची बखर' यांचे ऋण मोठे आहे. आपल्यापैकी जे वसई, उत्तन, साष्टीकडचे आहेत, त्यांच्या पूर्वजांच्या भूमीचा जुना वृत्तान्त त्या बखरीत आहे. मात्र प्रत्येक मराठी नावामागे संस्कृत रूप पाहण्याचा राजवाड्यांचा ओढा त्यांच्या विद्वत्तेविना ज्यांनी उचलला, त्यांच्या हाती त्याचा खेळ झाला. मिळेल ते नाव घ्यावे, जवळचा संस्कृत शब्द शोधावा आणि मधल्या हजार वर्षांवरून उडी मारावी, एवढीच त्यांची रीत उरली.

दुसरा दोष विनोदाचा. गाढवे, डुकरे, लांडगे, ढेकणे, बोबडे, एकबोटे, सहस्रबुद्धे अशी यादी द्यावयाची आणि वाचकाला हसवावयाचे, हा प्रघात जुना आहे. हसण्याला आमची हरकत नाही. गुरुजनांची टोपणनावे ठेवण्यात सेमिनरीत आम्हीही मागे नव्हतो. पण टोपणनाव कोणी स्वतःला ठेवीत नाही, ते दुसरे ठेवतात. बोबडे या आडनावाच्या मुळाशी बोलताना अडखळणारे एक मूल आणि त्याला चिडविणारे एक गाव असणार. ज्याला चिडविले त्याच्या नातवंडा-पतवंडांनी ते नाव कागदोपत्री धारण केले, त्याच नावाने न्यायाधीश, अध्यापक, डॉक्टर झाले, आणि चिडविण्याचे विष त्यातून पार निघून गेले. हे स्थित्यंतर खरोखर अभ्यासण्यासारखे आहे. विनोदी लेख मात्र ते विष पुन्हा काढून दाखवितो आणि त्यालाच अर्थ म्हणतो.

मराठीत या नावाला 'आडनाव' म्हणतात, याकडेही या लेखकांचे सहसा लक्ष जात नाही. आडवाट, आडगाव, आडवेळ, आडदिवस. 'आड' म्हणजे मुख्य नव्हे ते, बाजूचे. आपल्या भाषेने पहिल्यापासून सांगून ठेवले आहे, की मुख्य नाव वेगळे आणि हे बाजूचे. बाजूचे नाव पुढे येऊन बसले आणि मुख्य नाव आद्याक्षरापुरते उरले, ही आपली अलीकडची करणी.

तिसरा दोष आपल्या घरचा आहे. वसईकडच्या कॅथलिक कुटुंबांत असे सर्रास बोलले जाते, की "आपल्या आडनावांना काही अर्थ नाही, ती पोर्तुगीजांनी दिलेली." हे अर्धेच खरे. १५३४ साली वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ साली चिमाजी आप्पांनी ती जिंकून घेतली. या दोन शतकांत ज्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, त्यांना स्नानसंस्काराच्या वेळी बहुधा धर्मपित्याचे किंवा धर्मगुरूचे आडनाव मिळाले. याच काळात, १५६३ साली समाप्त झालेल्या ट्रेंटच्या धर्मपरिषदेने स्नानसंस्कार व विवाह यांच्या नोंदवह्या ठेवण्याचे बंधन धर्मग्रामांवर घातले, आणि नाव कागदावर स्थिर झाले. पण त्या नावांना अर्थ नाही, असे कसे म्हणावे? परेरा म्हणजे नासपतीचे झाड. कार्व्हालो म्हणजे ओक वृक्ष. रिबेरो म्हणजे ओढा. फोन्सेका म्हणजे आटलेला झरा. फरेरा या नावात लोखंड आणि लोहारकाम आहे, मोंतेरो म्हणजे रानातला शिकारी. मच्याडो म्हणजे कुऱ्हाड, लोबो म्हणजे लांडगा, कुएल्यो म्हणजे ससा. रॉड्रिग्ज, फर्नांडिस, लोपीस, गोन्साल्विस यांतील शेवटचा अंश 'अमक्याचा मुलगा' एवढेच सांगतो. आणि डिसूझा, डिसिल्वा, डिकोस्टा यांतला पहिला 'डि' म्हणजे आपला 'चा' किंवा 'कर'. सूझा नदीकाठचा तो डिसूझा, किनाऱ्याकडचा तो डिकोस्टा.

आता शेजारी शेजारी ठेवून पाहावे. लोबो आणि लांडगे. मच्याडो आणि कुऱ्हाडे. फरेरा आणि लोहार. मोंतेरो आणि पारधी. डिसूझा आणि केमकर. पोर्तुगालच्या शेतकऱ्याने आणि भीमाकाठच्या शेतकऱ्याने एकमेकांचे तोंड न पाहता शेजाऱ्याला नाव ठेवण्याच्या त्याच चार रीती काढल्या: गाव, बाप, धंदा आणि टोपण. ज्याला आपण साहेबी आडनाव समजून मिरवितो किंवा परके समजून लाजतो, ते कोणा एका दूरच्या खेडुताचेच नाव आहे. त्यात मिरविण्यासारखे फारसे नाही, तसे लाजण्यासारखेही काही नाही.

मात्र येथे एक भेद नोंदवलाच पाहिजे. लांडगे हे नाव ज्याला मिळाले, त्याच्या वागण्यात गावाने काहीतरी पाहिले होते. लोबो हे नाव वसईच्या शेतकऱ्याला मिळाले तेव्हा त्याच्याकडे कोणी पाहिलेही नव्हते. ते तयार नाव होते. त्याबरोबर त्याच्या जुन्या कुळाचे नाव बऱ्याच घरांत लोपले. अर्थ असूनही ते नाव त्याच्याविषयी काही सांगत नाही, ते केवळ नाव देणाऱ्याविषयी सांगते. पुढच्या चारशे वर्षांत त्या नावात अर्थ भरला तो त्या घरांनीच: भातशेतीने, केळीच्या आणि फुलांच्या बागांनी, पवित्र मिस्सेच्या घंटेने, घरातल्या सामवेदी व वाडवळी बोलींनी. आज डाबरे, तुस्कानो, दिब्रिटो ही नावे मराठीच आहेत, कारण ती धारण करणारे मराठीत रडतात, भांडतात आणि प्रार्थना करतात.

हे मराठीपण इतरांना दिसतेच असे नाही. मराठी कथा, नाटक, चित्रपट यांतील ख्रिस्ती पात्र आठवून पाहावे. त्याचे नाव बहुधा डिसूझा नाहीतर फर्नांडिस, बोली मोडकी, हातात पेला किंवा गिटार. ज्या मराठी वाङ्मयाला फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली 'क्रिस्तपुराण' दिले, ज्यात लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आहेत, त्याने ख्रिस्ती माणसाला हे एवढेच रूप द्यावे, हा वाङ्मयीन आळस आहे. १८९५ साली स्नानसंस्कार घेतल्यावरही नारायण वामन टिळक टिळकच राहिले. पंडिता रमाबाईंना जग त्यांच्या विद्वत्तेच्या उपाधीने ओळखते. १८३१ साली अमेरिकन मराठी मिशनने अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, ठाणे केले. पुढे त्याच जिल्ह्याच्या खेड्यांत कॅथलिक मिशनरी पोहोचले. तेथे आडनावे बदलली नाहीत. गायकवाड, साळवे, शिंदे, कांबळे, वाघमारे, भालेराव तसेच राहिले, नाव तेवढे योसेफ, याकोब, मार्था झाले. हे ख्रिस्ती मराठी कथाकाराला दिसतच नाहीत, कारण आडनावावरून ते त्याला ओळखू येत नाहीत.

आणि ओळखू आले म्हणजे काय होते? २०१९ साली फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी निवड झाली, तेव्हा काही मंडळींनी त्यांच्या लेखनाची पाने उलटण्यापूर्वीच विरोध सुरू केला. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवला, आपल्या या केमपासून फार दूर नसलेल्या गावी, ते संमेलन पार पडले आणि हजारो मराठी वाचकांनी त्यांचे स्वागत केले. २०२४ साली ते निवर्तले. नाव वाचून थांबणारे आणि पुस्तक उघडणारे, असे दोन प्रकारचे वाचक तेव्हा आम्हांला स्पष्ट दिसले.

पण दुसऱ्याच्या डोळ्यातील कुसळ दाखविताना स्वतःच्या डोळ्याकडे वळणे भाग आहे. काही वर्षांपूर्वी एका सोयरिकीत आम्ही मध्यस्थ होतो. दोन्ही घरे कॅथलिक, दोन्ही मिस्सेला नेमाने येणारी. मुलगी शिकलेली, मुलगा चांगल्या नोकरीत, दोघांची पसंती झालेली. मुलीचे आडनाव अनेक समाजांत आढळणारे होते, त्यावरून काही उलगडा होईना. तेव्हा चहा घेता घेता मुलाकडच्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी विचारले, "मूळ गाव कोणते तुमचे? म्हणजे, आधीचे कोण?" मुलीच्या वडिलांनी सरळ उत्तर दिले. बोलणे पावसापाण्यावर गेले. आठ दिवसांनी निरोप आला, की मुलाला इतक्यात लग्न करावयाचे नाही. आम्हांला सर्व कळत होते. त्या बैठकीत आम्ही काही बोललो नाही. पुढच्या रविवारी वेदीवरून आम्ही शेजारप्रीतीवर प्रवचन केले, आणि ते चांगले झाले असे पुष्कळांनी सांगितले.

'आधीचे कोण' या दोन शब्दांत आडनावांच्या अर्थाविषयीच्या साऱ्या कुतूहलाचे दुसरे टोक आहे. आडनाव ही आपल्याकडे जात ओळखण्याची किल्ली झाली आहे, आणि किल्ली चालली नाही तर कुलूप फोडून पाहण्याची आपली तयारी असते. १९५० सालच्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. पुढे १९५६ मध्ये त्या शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना मिळाल्या, ख्रिस्ती झालेल्यांना नाहीत. कायदा म्हणतो, स्नानसंस्काराबरोबर तुमची जात गेली. सोयरीक म्हणते, गेली नाही. सरकारदरबारी आपण या अन्यायाविरुद्ध अर्ज करतो आणि घरी बैठकीच्या खोलीत तोच अन्याय चहाबरोबर वाढतो. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने जातिवाचक वस्त्यांची नावे बदलण्याचा निर्णय घेतला. पाटी बदलण्याचा तो निर्णय योग्यच होता. पण विचारणाऱ्याचा प्रश्न शासन कसा बदलणार?

आडनावांवर लिहिणाऱ्या आमच्या ख्रिस्ती लेखकांना एक सुचवावेसे वाटते. मराठी बायबलच्या भाषांतरकारांनी 'कर' या प्रत्ययाचा केलेला उपयोग पाहावा. त्यात तार्सकर शौल आहे, कुरेनेकर शिमोन आहे, अरिमथाईकर योसेफ आहे, आणि नासरेथकर येशू आहे. हे तिघे-चौघे आपापल्या गावाबाहेर असताना या नावांनी ओळखले गेले. नासरेथात येशूला कोणी नासरेथकर म्हटले नाही. तेथे त्याचे लोक त्याला सुताराचा मुलगा म्हणाले, आणि तेही हिणवून. गावाबाहेर नथनेलाने त्याच्या गावाचे नाव ऐकले मात्र, तेथून काही चांगले निघेल काय, अशी शंका काढली. 'आधीचे कोण' हा प्रश्न शुभवर्तमानात असा पहिल्याच अध्यायात येतो. फिलिपने वाद घातला नाही, वंशावळ सांगितली नाही, नासरेथाची थोरवी गायिली नाही. त्याने येऊन पाहण्याचे निमंत्रण दिले, आणि नथनेल गेला. पुढे तेच गावाचे नाव क्रुसावरच्या पाटीवर तीन भाषांत लिहिले गेले. आपल्या तारणाऱ्याला आडनाव असेलच, तर ते हे: दुसऱ्यांनी दिलेले, हेटाळणीच्या गावाचे, आणि मरताना डोक्यावर ठोकलेले.

संत पेत्राचेही स्मरण व्हावे. यापो नगरात तो कातडी कमावणाऱ्या शिमोनच्या घरी उतरला होता. ज्या धंद्याचा त्याच्या समाजाला विटाळ वाटे, त्या धंद्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या माणसाच्या गच्चीवर त्याला तो दृष्टान्त झाला, ज्याने कोणाही माणसाला अशुद्ध मानू नये हे त्याला उमगले. ख्रिस्तसभेची दारे सर्वांना उघडली, ती त्या घरातून.

मग आडनावांचा अभ्यास करूच नये काय? अवश्य करावा, पण वेगळ्या प्रश्नांनी. आमचे पूर्वज कोण राजे होते, हे विचारण्याऐवजी, त्यांनी गाव केव्हा व का सोडले, ते विचारावे. हे नाव त्यांना कोणी दिले, प्रेमाने की कुचेष्टेने, ते पाहावे. त्या घरात लग्न होऊन आलेल्या बायकांची माहेरची आडनावे कोणती होती, ती लिहून ठेवावीत, कारण आडनावांच्या साऱ्या इतिहासात अर्धी माणसे नाहीशी झालेली असतात. महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव बंधनकारक केले, ते आता कागदपत्रांत मुलाच्या नावानंतर, वडिलांच्या नावाआधी येते. आपल्या स्नानसंस्काराच्या नोंदवहीत आईबापांबरोबर धर्ममाता-धर्मपित्यांचीही नावे असतात. घरच्या वडीलधाऱ्यांनी ती वही एकदा येऊन पाहावी. आजीचे नाव शोधताना किती पिढ्यांचे किती लोक आपल्या एका नावाला हातभार लावून गेले, ते दिसेल.

स्नानसंस्काराचा विधी सुरू होताना धर्मगुरू आईबापांना विचारतो, या बालकाला तुम्ही काय नाव देता? त्या प्रश्नाच्या उत्तरात आडनाव सांगावयाचे नसते, आणि ते तेथे कोणी सांगतही नाही. इतक्या वर्षांत आम्ही हा प्रश्न किती वेळा विचारला असेल, त्याची गणती नाही. त्या बैठकीत मात्र जो प्रश्न विचारला गेला, त्याला आमच्या प्रश्नाची आठवण करून देणे आम्हांला जमले नाही. पुन्हा तशी वेळ आली तर गप्प बसणार नाही, एवढे येथे छापील शब्दांत लिहून ठेवतो, म्हणजे आमच्या धर्मग्रामातील वाचकांना ते आम्हांला दाखविता येईल.

गाडी केमच्या स्थानकावरून पुढे जाते तेव्हा कोणी तरी पिशवी घेऊन उतरतो आणि कोणी चढतो. उतरणारा आपल्या गावात केवळ दत्तू किंवा मारिया होऊन जातो. चढणारा पुढच्या स्थानकापर्यंत केमकर झालेला असतो. त्याला कोणी विचारले, "कुठले तुम्ही?" तर ते विचारणे शेजारी जागा करून देण्यासाठी असावे.